सुप्याची राख आणि कलम ६९

पुण्याचा मॅजिस्ट्रेट सुप्याला पोहोचला तो दिवस शनिवार होता, १५ मे १८७५. पेठेतल्या रस्त्यावर राखेचे ढीग अजून तसेच पडलेले. दुसऱ्या दिवशी त्याने पोलीस कमिशनरला पत्र लिहून झाल्या प्रकाराची जंत्री दिली. एका सावकाराचं घर जाळलं. डझनभर घरं फोडून आतलं होतं नव्हतं ते बाहेर काढलं. हिशेबाचे कागद, कर्जरोखे, धान्य, देशी कापड रस्त्यात आणून पेटवलं. पन्नास माणसं धरली, दोन हजारांचा माल परत मिळवला. नुकसान पंचवीस हजारांच्या वर असावं, सावकारांच्या म्हणण्याप्रमाणे लाखाच्या वर. सावकाराचा आकडा आणि सरकारचा आकडा यांत चौपटीचा फरक. कुळांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

दंगा झाला होता बुधवारी, १२ तारखेला. सुपे हे बाजाराचं मोठं गाव, तेव्हा भीमथडी तालुक्यात. आजूबाजूच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दारात जाऊन त्यांनी चोपड्या आणि रोखे मागितले. जिथे कागद मुकाट्याने हाती आले तिथे बहुतेक तेवढ्यावरच भागलं. तिथून आग अहमदनगरपर्यंत गेली, तीसहून जास्त गावांत पोहोचली. ९५१ माणसं पकडली गेली. एवढ्या मोठ्या दंग्यात माणसांवर हात पडल्याचे प्रसंग मात्र फार थोडे. राग कागदावर होता, कारण कोर्टात बोलायचा तो कागदच.

इंदापूर तालुक्यातलं आजचं भवानीनगर या सुप्यापासून फार लांब नाही. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि मग छत्रपती साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. १८७५ मध्ये इथे ना ऊस होता, ना कालवा, ना कारखाना. बाजरी-ज्वारीची कोरडवाहू रानं आणि पावसाची वाट पाहणारी माणसं. पण कोर्टकचेरीचा इतिहास या पट्ट्याइतका जुना आणि दाट महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच सापडेल. आज या भागातला एखादा अल्पभूधारक किंवा कारखान्यावरचा रोजंदारी कामगार वाटपाच्या दाव्यासाठी परवडणारा वकील शोधत इंदापूरला जातो, तेव्हा तो दीडशे वर्षं जुन्या एका प्रयोगाच्या शेवटच्या टोकाला उभा असतो. हे त्याला कुणी सांगत नाही.

या सगळ्याची सुरुवात इंदापुरातच झाली, आणि ती मोजणीने. इंग्रजी अमलाच्या पहिल्या वर्षांत प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने लंडनच्या अर्थशास्त्रातला खंडाचा सिद्धांत घेऊन पुणे जिल्ह्याचा सारा ठरवला. सिद्धांत उत्तम होता म्हणतात. रयत मात्र जमीन टाकून निघून गेली. मग १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्याची नव्याने मोजणी केली आणि तीस वर्षांसाठी हलका सारा बांधून दिला. तीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. पहिली दोन-तीन दशकं ओसाड रानं पुन्हा लागवडीखाली आली. पण या मोजणीने आणखी एक गोष्ट केली. सर्व्हे नंबर पडला, हद्द ठरली, खातेदाराचं नाव लागलं आणि जमीन गहाण टाकण्याजोगी वस्तू झाली. आधी सावकाराची नजर खळ्यावरच्या धान्यावर असे, आता ती नंबरावर गेली.

त्यात अमेरिकेचं यादवी युद्ध आलं. १८६१ ते ६५ मुंबईहून कापूस विलायतेला धो धो गेला, भाव चढले, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ च्या आसपास, इंदापूरची तीस वर्षांची मुदत भरून फेरआकारणी झाली, ती चढ्या भावांच्या आठवणीवर. सारा वाढला, भाव पडले, सावकाराने दार लावून घेतलं.

एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं. मला जास्त बोलायचंय ते कोर्टाबद्दल.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षंच जिवंत राहील, तेवढ्यात सावकाराने दावा लावला नाही तर रोखा मेला. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि जुना रोखा फाडून नवा लिहून घेई, मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल. समजा शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी २९६. नऊ वर्षं भरली की ५०९. आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त मागता आलं नसतं, म्हणजे फार तर दोनशे. पण दर वेळी व्याजच मुद्दल होऊन बसलं तर दामदुपटीने मोजायचं कशाचं? कायदा कुळासाठी केला होता, त्याची वाट सावकाराला ठाऊक होती. हे वाक्य मला या लेखात पुन्हा लिहावं लागेल असं दिसतं.

दंग्याची चौकशी करणाऱ्या कमिशनपुढे जे कागद आले त्यात नोव्हेंबर १८७३ चा एक भाडेचिठ्ठीचा दस्त आहे. कुळाने कर्जापोटी आपल्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले, आणि त्याच गाड्या, तेच बैल, त्याच कागदावर, महिना चार रुपये भाड्याने परत घेतले. भाड्याची पावती सावकाराच्या हातची घेईन, असंही त्याने लिहून दिलं. आणि पावती नसेल तर भाडं दिलं होतं असं म्हणणार नाही, हेही. या शेवटच्या अटीत सगळं आलं. पावती देणं न देणं सावकाराच्या मर्जीवर, आणि ती नसली तर तोंड उघडायचं नाही हे आधीच कबूल. खाली सही काय असायची? लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी असे नांगर. वर काय लिहिलंय हे नांगराला वाचता येत नव्हतं.

मग दावा. समन्स निघे, कधी पोहोचे, कधी बेलीफ आणि वादी यांच्यातच फिरून परत येई. कूळ कोर्टात गेला तर पायी एक-दोन मुक्काम, कामाचे दिवस बुडणार, कैफियत लिहायला पैसे, स्टँपला पैसे, वकिलाला पैसे. आणि जाऊन सांगायचं काय? रोख्यावर निशाणी तर त्याचीच. म्हणून तो घरीच राही. दावे मोठ्या संख्येने एकतर्फी निकालात निघत. हुकूमनामा झाला की दरखास्त, दरखास्तीवर जप्ती, आणि देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकण्याची सोयही कायद्यात होती. हुकूमनामा हातात असूनही पुष्कळ सावकार तो बजावत नसत, नुसता दाखवत. तुरुंगाची भीती दाखवून नवा रोखा लिहून घेता येई, आणि तो जप्तीपेक्षा किफायतीचा.

दंग्याची ठिणगीही हुकूमनाम्यातूनच पडली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि घरावर आला. गावाने काळूरामवर बहिष्कार घातला. त्याच्याकडे कामाला जायचं नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. बहिष्कार गावोगाव पसरला आणि पाच महिन्यांनी सुप्याच्या पेठेत त्याची आग झाली.

पुण्यातले वकील तेव्हा काय करत होते, हे विचारायला हवं, कारण कायद्याचं ज्ञान त्यांच्याकडे होतं. २ एप्रिल १८७० ला निघालेली सार्वजनिक सभा ही वकिली बुद्धीचीच निर्मिती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, पेशाने वकील. सभेचं सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, असा नियम त्यांनी घातला. असे ९५ सभासद, त्यांच्यामागे सहा हजार माणसं. निवडणूक नसलेल्या देशात प्रतिनिधित्व वकीलपत्राच्या नमुन्यावर उभं करायचं, ही कल्पना मला आजही चकित करते. सभेने शेतकऱ्यांची स्थिती पाहायला तालुक्यांत माणसं पाठवली, सरकारला अर्ज केले. आणि दंग्याच्या पाठोपाठ पुण्यात लवाद कोर्ट काढलं: दोन्ही पक्षांनी संमती द्यायची, पंचांनी निकाल द्यायचा, स्टँप नाही, तारखांवर तारखा नाहीत. शहरातल्या व्यवहारांना ते उपयोगी पडलं. पण लवादाकडे यायला समोरचाही राजी लागतो, आणि ज्याच्या हातात नांगराची निशाणी असलेला रोखा आहे तो सावकार कशाला राजी होईल?

जोतीराव फुल्यांचा राग तर याच्याही पलीकडचा होता. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकाराइतकेच फटके कचेरीतल्या कारकुनांना आणि कोर्टातल्या कारभाराला आहेत. अक्षर ज्यांच्या हाती, न्याय त्यांच्या हाती, हे त्यांना सार्वजनिक सभेच्या मंडळींपेक्षा स्वच्छ दिसलं होतं. ही मंडळी स्वतः अक्षरवालीच होती, त्यांना ते दिसणं कठीणच.

कमिशनचा अहवाल विलायतेच्या पार्लमेंटपुढे यायला १८७८ साल उजाडलं. मधे १८७६-७७ चा दुष्काळ होऊन गेला होता. अहवालाने बोट सावकाराकडे आणि कोर्टाकडे दाखवलं. सारा वाढवल्यामुळे हे झालं, हे मान्य करणं सरकारला जड गेलं. कमिशनचेच एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र साऱ्याबद्दल वेगळं मत नोंदवलं. असो. दोषी अर्धाच धरला, पण त्या अर्ध्या दोषावर जो इलाज झाला तो त्या काळाला न शोभणारा, म्हणजे फारच पुढचा होता.

१ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा लागू झाला. पुण्यात त्याच दिवसांत वासुदेव बळवंत फडक्यांचा खटला चालू होता आणि त्यांचं वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं होतं. एका कोर्टात बंडखोराच्या बाजूने उभा राहणारा वकील, आणि दुसरीकडे वकिलालाच बाहेर ठेवू पाहणारा कायदा. तो कायदा जरा सावकाश वाचण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट, रोखा हा पुरावा म्हणून पुरेसा राहिला नाही. बाराव्या कलमाने न्यायाधीशावर बंधन घातलं की त्याने वादी-प्रतिवादी दोघांना साक्षीला बोलवावं आणि व्यवहाराचा इतिहास अगदी पहिल्या कर्जापासून तपासावा. कुळाने कर्ज कबूल केलं तरी तपासता यावा! मग मुद्दल वेगळं, व्याज वेगळं असा हिशेब नव्याने मांडावा; मधे किती वेळा रोखा फिरवला याला किंमत नाही. आमचा वर काढलेला ५०९ चा रोखा या कलमापुढे ठेवला असता तर त्याची साल सोलून आत शंभराचं मुद्दल निघालं असतं. दुसरं, शेतकऱ्याला कर्जापायी अटक नाही. त्याची जमीन स्पष्ट गहाण दिलेली नसेल तर पैशाच्या हुकूमनाम्यावर जप्त नाही. तिसरं, हप्ते बांधून मिळणार. चौथं, गावात रजिस्ट्रार नेमला जाणार आणि शेतकऱ्याचा रोखा त्याने लिहायचा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जायचा. दावा लावायची मुदतही तीन वर्षांवरून सहा, नोंदलेल्या दस्ताला बारा. आणि पावती! पैसे दिले की लेखी पावती मागायचा हक्क, वर्षाचा हिशेब मागायचा हक्क, पासबुकात खातं उतरवून घ्यायचा हक्क, न दिल्यास सावकाराला दंड. १८७३ च्या त्या भाडेचिठ्ठीला जणू कलम लिहिणाऱ्याने समोर ठेवूनच उत्तर दिलं.

आता खर्चाचं. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावमुन्सफाकडे, गावातल्या गावात. त्याहून मोठा दावा लावायचा तर आधी कन्सिलिएटरकडे, म्हणजे समेट घडवणाऱ्याकडे जायचं. त्याने दोघांना बसवून तडजोड पाहायची. जमली तर ती लिहून कोर्टात पाठवायची आणि तिला हुकूमनाम्याचं बळ. नाही जमली तर त्याचा दाखला घेऊन मगच कोर्ट. दाखल्याशिवाय दावा दाखलच नाही. अपिलाची वाटही लहान दाव्यांना बंद केली, कारण अपील म्हणजे पुन्हा वकील. त्याऐवजी एक स्पेशल जज्ज नेमला. त्याने फिरतीवर राहायचं, दुय्यम न्यायाधीशांची दप्तरं उघडून पाहायची, चूक दिसली तर स्वतःहून दुरुस्त करायची. स्पेशल जज्ज होते डॉ. पोलन. त्यांच्या हाताखाली आणि मग १८८७ पासून त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले, आणि १८९३ मध्ये हायकोर्टावर जाईपर्यंत राहिले. रानड्यांना आपण समाजसुधारक म्हणून, अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. त्यांच्या नोकरीची कित्येक वर्षं गेली ती तालुक्याच्या गावी मुक्काम टाकून कुळांच्या दाव्यांची दप्तरं तपासण्यात.

आणि वकील? अडुसष्टाव्या कलमाने ठरवलं की कन्सिलिएटरपुढे आणि गावमुन्सफापुढे वकील नको, आणि दुय्यम न्यायाधीशाकडच्या या कायद्याखालच्या शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांतही नको. वकील नसला की खर्च नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या. असा हिशेब.

त्याच्या खाली एकोणसत्तरावं कलम. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन सालाची खात्री केली होती. दुय्यम न्यायाधीशापुढच्या दाव्यात शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूने वकील उभा राहिला, आणि शेतकऱ्याची स्वतःचा वकील देण्याची ऐपत नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर शेतकऱ्याच्या संमतीने त्याने सरकारी वकिलाला किंवा राजी असलेल्या दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या बाजूने उभं राहायला सांगता येईल. दिवाणी दाव्यात गरिबाला कोर्टाने वकील द्यायचा, ही गोष्ट. सर्वसाधारण दिवाणी कायद्यात कंगालाला कोर्ट फी माफ करून दावा लावायची सोय होती, पण कोर्टाने त्याला वकील नेमून द्यावा हा नियम देशभरच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आला १९७६ च्या दुरुस्तीने, तेहतिसाव्या आदेशात ९-अ म्हणून. भीमथडी आणि इंदापूरच्या कुणब्याला तो कागदावर ९७ वर्षं आधी मिळाला होता.

कागदावर. कारण कलमाचं तोंड जिथे उघडतं ते पाहा: समोरच्याने वकील दिला असेल तर. सावकाराला वकील लागतच नव्हता. वर्षाला पन्नास दावे लावणारा माणूस, कोर्टाचा शिरस्तेदार त्याला नावाने ओळखतो, दाव्याचा मसुदा त्याला तोंडपाठ. तो एकटा उभा राहिला की कलम ६९ झोपलेलंच. आणि अडुसष्टाव्याने वकील बाहेर काढले तेव्हा बाहेर राहिला कुळाचा संभाव्य वकील; सावकाराचा वकील त्याच्या अंगातच होता. वर ‘राजी असलेला’ ही अट. फीबद्दल कलमात शब्द नाही. फुकट उभं राहायला कोण किती राजी होणार, याचा अंदाज वाचकानेच करावा. मी कलमाची थोरवी कमी करत नाही. त्या काळी हे लिहिणाऱ्याला आधी हे सुचणंच मोठं. पण दारात पहारेकरी ठेवून चोराला घरातच झोपू द्यावं, तसं ते झालं खरं.

कन्सिलिएटरचंही तेच. तिथली तडजोड थेट हुकूमनामा होई, आणि तिच्या आत बारावं कलम शिरत नसे; इतिहास तपासायचा तो दावा चालला तर. म्हणून हुशार सावकार कुळाला समेटालाच राजी करी, जुनी फुगवलेली रक्कम कबूल करवून घेई, आणि हुकूमनामा हाती. पुढे कायद्यातला कन्सिलिएटर काढूनच टाकला. गहाण लिहिलं की कोर्ट आत डोकावतं म्हणून गहाणखताऐवजी खरेदीखत होऊ लागलं: कागदावर विक्री, तोंडी बोली की पैसे फेडलेस की जमीन परत. मग ही तोंडी बोली ऐकून घेण्याची दुरुस्ती कायद्यात आली. आणि शेतकरी कोण, यावर तर वकिलांची एक पिढी जगली. संरक्षण शेतकऱ्याला म्हटल्यावर शहरातला सधन माणूसही वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा दाखवून स्वतःला शेतकरी म्हणवू लागला. कायदा कुळासाठी केला, वाट दुसऱ्याला ठाऊक. पुन्हा लिहिलं.

तरी फायदा झाला नाही असं म्हणता येत नाही. दिवाणी तुरुंगाची दहशत गेली. कूळ कोर्टात येऊ लागला, कारण आता आल्याने काही पदरात पडायची शक्यता होती. एकतर्फी हुकूमनाम्यांचा पूर ओसरला. पण सावकारही सावध झाला, कर्ज आखडलं. रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती. स्वस्त न्यायाबरोबर स्वस्त कर्ज नसेल तर न्यायाचा उपयोग अर्धाच, असा त्यामागचा विचार. विलायतेत ती नामंजूर झाली.

मग पाणी आलं. भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा १८८० च्या दशकापासून पुढे, आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्याचा रंगच पालटला. ऊस आला, वालचंदनगरचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले आणि भवानीनगर हे नाव साखरेशी जोडलं गेलं. सावकाराच्या जागी विविध कार्यकारी सोसायटी बसली. जुना कर्जनिवारण कायदा जाऊन १९४७ चा आला. सावकारीसाठी आधी १९४६ चा आणि आता २०१४ चा कायदा आहे. त्याच्या १८ व्या कलमाखाली सावकारीपायी गेलेली जमीन परत मिळवायला सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टात न जाता. खरेदीखत दाखवलं तरी त्याच्या मागे सावकारी होती का, हे निबंधक तपासतो. १८७९ चं बारावं कलम नव्या कपड्यांत.

पाण्याने जमिनीला भाव आला, तसं भांडणही बदललं. पूर्वी दावा सावकाराशी होई, आता तो भावाशी. बांध, पाट, विहिरीतला हिस्सा, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, आणि सगळ्यांत जास्त वाटप. बागायती जमिनीच्या वाटपाचा दावा लावायचा तर हिश्श्याच्या किमतीवर कोर्ट फी. म्हणजे जिचा हिस्सा मोठा आणि हातात काहीच नाही, अशा बहिणीला दारातच अडवलं जाई. १९९४ साली महाराष्ट्रात यावर दोन गोष्टी झाल्या. २२ जूनपासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती लागू झाली, आणि १ ऑक्टोबरला राज्य सरकारने अधिसूचना काढून स्त्रियांना पोटगी, मिळकतीचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट यांतल्या दाव्यांची कोर्ट फी माफ केली. मुख्यमंत्री तेव्हा बारामतीचेच, शरद पवार. पहिली गोष्ट बऱ्याच घरांत ऐकून माहीत असते, हक्कसोडपत्रावर सही घेताना ती आठवतेच. दुसरी फारशी कुणाला सांगितली जात नाही.

वकिलाचं काय झालं, ते राहिलं. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक मदतीची समिती नेमली होती. अहवाल झाला आणि खर्चापाशी अडला. त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सत्तरच्या दशकात हा विषय पुन्हा वर काढला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आलं, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडलं. नोव्हेंबर महिना या विषयाला पुन्हा एकदा लागला. यात एकोणसत्तराव्या कलमाचे दोन्ही दोष काढलेले आहेत. समोरच्याने वकील दिला आहे की नाही याला महत्त्व नाही. आणि नेमलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देतं, त्याच्या राजीखुशीवर सोडलेलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथला सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश तिचा अध्यक्ष. भवानीनगरला बाजार बारामतीचा, पण तालुका इंदापूर, म्हणून अर्ज इंदापूरच्या कोर्टात. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलं की हक्क लागतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. कारखान्यावरचा कामगार यात बसतो, हे त्यालाच माहीत नसतं. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा सगळा खर्च समितीचा. दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत ठेवता येतो. तडजोड झाली तर ती हुकूमनामाच, आणि तिच्यावर अपील नाही. १८७९ च्या कन्सिलिएटरची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याने तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी समितीने दिलेल्या वकिलाला तो कागद वाचून दाखवायला सांगावं. भिडेखातर वाटप मान्य करून नंतर हळहळणाऱ्या बहिणी या पट्ट्यात कमी नाहीत.

अर्ज छापील नमुन्यावर असतो. पण २०१० च्या नियमांप्रमाणे तो लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही चालतं. विधी स्वयंसेवकाने किंवा समितीच्या माणसाने ते ऐकून लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, आणि मग खाली अंगठा.